कोणी कोणाला दिली दोरी

कल्याणला आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, तरी कोपरच्या खाडीतून पैलतीर गाठायला गुणाजीचीच नाव लागे. आषाढात त्याचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. तेव्हापासून येईल तो त्याच्यापुढे हात नाचवून ओरडे, "पाणी! पाणी?" गुणाजी तोंड फिरवी. लोक म्हणत, समज गेली.

आज धाकटा भाऊ दौलत नाव न्यायला आला होता. वसईला, कायमची.

"त्यांना इचारा तरी," कमळाबाई म्हणाली.

"वयनी, दादूसला कलतं काय? हात हलवला का बघतो. तसं वासरू पन बघतं."

कमळाबाईची नजर चुलीपाशी बसलेल्या मांजराकडे गेली. चारचौघांत ती नवऱ्याशी थेट कधी बोलली नव्हती. सांगायचं ते मांजराला सांगायची, आणि तो समजून घ्यायचा. पण दुखणं आलं आणि तीही हातवारेच करू लागली. इथंच चुकलं का आपलं?

गुणाजीच्या उशाशी दोन दोऱ्या पडल्या होत्या. सकाळी दौलत आणि पोपट नावाचा शेजारी यांच्यात झालेली त्यांची देवघेव त्याने पडल्या पडल्या पाहिली होती. कमळाबाई त्याच्याकडे पाठ करून चुलीपुढे बसली. हात पदराखाली घेतले.

"मने, ऐक गं बाय. शेजारच्या पोपटानं भावजींना दिलेली दोरी नको. भावजींनी पोपटाला दिली आन् त्यानं परत आनली, ती जो कुनी मला देईल, त्याला गरम भाकर."

"थांब, थांब," दौलत बोटं मोजू लागला. "मी दिली ती... कंची गं?"

मागे सरपटल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं नाही. मग खांद्यावर दोरीचं टोक पडलं. तीच दोरी.

तिचे डोळे भरले. माणसं तीच, दोरी तीच. कोणी दिली नि कोणाला, ते 'पोपटानं', 'पोपटाला' अशा शब्दांच्या इवल्याशा शेपटांत दडलेलं. आणि त्या मिटल्या ओठांमागे कोणीतरी जागं होतं. धान्य पाखडावं तसं बोलणं पाखडत होतं, दाणा दाण्याजागी, कोंडा कोंड्याजागी, तिचं वाक्य सरतं न सरतं तोच.

दौलत भावाजवळ उकिडवा बसला. हात मांडीखाली दाबून हळूच म्हणाला, "दादूस, नाव मी वसईला नेली, तर चालंल तुला?"

गुणाजीने मान हलवली: नाही. डावं बोट दौलतकडे गेलं, मग पैलतीराकडे.

"म्हंजे नाव हितंच ऱ्हाईल, आन् चालवू मी?"

मोठ्या भावासारखी सावकाश मान डोलली.

"मंग आदी बोलला का नाय!" दौलत खेकसला, आणि त्याने स्वतःच जीभ चावली.