अक्षरांतला चौदा

मार खाऊन घर सोडलेल्या बायकांच्या त्या आश्रयघरात संगणकाचं काम बघणारीला सगळ्याजणी तारवाली म्हणायच्या. घराचा पत्ता फुटू नये म्हणून तिने एक सूत्र लिहिलं होतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलचा मजकूर त्यातून गाळून निघायचा. घराचा नंबर '१४' आणि पुढे रस्त्याचं नाव 'टेकडी' दिसलं, मधे रेघ असो की स्पेलिंग चुकलेलं असो, मेल तिथेच अडायचा. राहायला येणाऱ्या प्रत्येकीला हे आधीच सांगितलेलं असे.

त्या दुपारी मोठ्या बाई, म्हणजे घर चालवणाऱ्या, तिच्या खोलीत आल्या. "अगं, समोर एक माणूस सकाळपासून उभा आहे. पत्ता फुटला की काय?"

"माझ्या सूत्रातून मुंगीसुद्धा जायची नाही," ती तोऱ्यात म्हणाली. तरी तिने ते पुन्हा वाचलं, आणि एका ओळीवर ती थांबली. घराचा नंबर तिने फक्त आकड्यांत शोधला होता. कुणी अक्षरांत लिहिला तर?

'चौदा' हा शब्द घालून तिने आठवड्याभराचे मेल पुन्हा तपासले. एकच ओळ लाल झाली. घरात कपडे शिवणाऱ्या शिवणवालीने आपल्या धाकट्या भावाला लिहिलं होतं, "काळजी करू नकोस रे. चौदा, टेकडी रस्ता. मी बरी आहे."

पोलिसांना फोन लावत ती जिन्याकडे धावली, तोवर खाली दाराची कडी तुटली.

शिवणवालीचा नवरा पहार घेऊन आत शिरला होता. आडव्या आलेल्या मोठ्या बाईंच्या खांद्यात त्याने ती घातली. हाड मोडल्याचा आवाज जिन्यापर्यंत आला. मग शिलाई मशीनपाशी थिजलेल्या बायकोचे केस धरून त्याने तिचं डोकं मशीनच्या लोखंडावर आपटलं. एकदा, दोनदा. "लपतेस? माझ्यापासून लपतेस?"

तारवालीने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उपसलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. दात फुटले. तो वळला, पहार तिच्या डाव्या हातावर बसली, दोन बोटं चेचली. तिने उजव्या हाताने पुन्हा हाणलं, गुडघ्यावर, मग डोळ्यावर. तो कोसळला तरी ती थांबेना.

"पुरे!" मोठ्या बाई किंचाळल्या. "मेला तर तुलाच आत टाकतील!"

तेव्हा कुठे तिचा हात खाली आला.

तो वाचला, एक डोळा गमावून तुरुंगात गेला. तारवालीची दोन बोटं कापावी लागली. इस्पितळात शेजारच्या खाटेवर, कपाळाला अकरा टाके पडलेली शिवणवाली हुंदके देत म्हणाली, "माझ्यामुळेच झालं सगळं."

"तू खुशाली कळवलीस. चूक माझी होती," तारवाली म्हणाली.

तेवढ्यात शिवणवालीचा धाकटा भाऊ दाराशी आला. "ताई, भाऊजी म्हणाले, फक्त माफी मागायची आहे, म्हणून मी पत्ता..."

शिवणवालीने डोळे पुसले.

"तुला माहीत होतं तो कसा आहे," ती म्हणाली, आणि तिने भिंतीकडे कूस वळवली.