तळं आटल्यावर

देवीदास भिलाईच्या कारखान्यातून रिटायर झाला, तेव्हा त्यानं जवळच्या उतई गावाच्या अलीकडे घर बांधलं आणि हौसेनं म्हैस आणली. पुढं तो वारला. मुलगा प्रेमानंद नोकरीसाठी पुण्याला राहिला. घरात त्याची बायको भीमाबाई आणि गोठ्यात म्हैस काजळी, एवढ्याच उरल्या.

तरी घर सुनं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ दुधाला माणसं येत. कोणी दाराशी टेकून नातवाचं कौतुक सांगे, कोणी नुसतं "तब्येत कशी हाय?" म्हणे.

यंदा चैत्रातच घराजवळचं तळं आटलं. दुपारभर पाण्यात डुंबणारी काजळी गोठ्यात धापा टाकू लागली. तोंडातून लाळ गळे, भाताच्या तणसाला ती तोंड लावेना. बोअरचं पाणीही नळातून कढतच यायचं. दूध आटलं, तशी गिऱ्हाइकं पाकिटाच्या दुधाकडे वळली. दाराची कडी वाजेनाशी झाली.

वैशाखातल्या एका भर दुपारी काजळी खाली बसली ती उठेचना. भीमाबाईनं रस्त्यावर येऊन हाका मारल्या. अंग भाजणारा गरम वारा, लू, सुटली होती. सगळी दारं बंद, आत कूलर घरघरत होते. कोणाला ऐकू जाणार? तिनं आपली लुगडी भिजवून काजळीच्या पाठीवर घातली आणि सुपानं वारा घालत बसली.

"उठ वं माय. तू बी चालली का मले सोडून?"

ऊन उतरल्यावर ओळखीचा गवळी टिकाराम तिथून चालला होता. धरणाचं पाणी येणाऱ्या कालव्याकाठी त्याच्या म्हशी होत्या. दोघांनी मिळून काजळीला उभं केलं.

"काकी, पानी बिना भैंस नइ बांचय," तो आपल्या छत्तीसगढीत म्हणाला. पाण्याबिगर म्हैस वाचायची नाही.

भीमाबाईनं काजळीच्या पाठीवरून हात फिरवला. "घेऊन जा तिले," ती म्हणाली. "कालव्यात बसू दे."

त्या आठवड्यात प्रेमानंदचा फोन आला, तेव्हा तिनं म्हैस दिल्याचं सांगितलं. "बरं केलंस आई. आता मोकळी झालीस."

"हो. मोकळीच हाय."

मग तिला राहवेना. ती कालव्यावर गेली. काजळी गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून बसली होती. भीमाबाईनं हाक मारली. कान हलला, पण म्हैस जागची उठली नाही. भीमाबाईला बरं वाटलं, आणि पाठोपाठ वाईटही.

उन्हं कलल्यावर कळप बाहेर निघाला. काजळीनं येऊन तिच्या हाताचा वास घेतला, थोडी थांबली, मग इतर म्हशींमागं चालती झाली.

"चाय पी के जा, काकी," टिकाराम म्हणाला.

ती थांबली. तेवढंच कोणाशी दोन शब्द बोलणं होईल.