उरलेले तीन फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे आणि वर्षातून एकदा माझी पूजा होते. मित्रांनो, हेवा करू नका. एरवी अमेरिकेतल्या बॉथेल गावी एका घरात मी कपाटात, जुन्या चार्जरच्या गुंत्यात पडलेला असतो.

माझे मालक रवींद्रकाका. तीस वर्षांपूर्वी त्यांनी मला घेतले. माझ्यात रंगीत फिल्म कधी पडली नाही. माणसाला नटवून, भिंतीपुढे बसवून फोटो काढणे काकांना पटत नसे. बसच्या पायरीवर बसून डबा खाणारी ड्रायव्हर, गॅरेजमध्ये सायकल उलटी करून बसलेले शेजारी, असे जिथल्या तिथे ते काळ्या-पांढऱ्यात टिपत. आपला फोटो पाहून लोक आणखी एक प्रत मागून घेत. तेव्हा माझा काय रुबाब होता!

फक्त सुलेखाकाकू, म्हणजे काकांची बायको, हाती लागत नसत. मी दिसलो की त्या तोंडापुढे हात धरत. "अहो, अवतार बघा माझा! साडी नेसते, मग काढा." फोनमध्ये त्यांचे शेकडो फोटो आहेत, सगळे पैठणीतले. रोजच्या काकूंचा एकही नाही.

एका रविवारी त्या ओट्याशी थालीपीठ थापत होत्या. केस विस्कटलेले, अंगात जुना स्वेटर, हात पिठाने माखलेले. या वेळी हात आडवा आला नाही. "काढा एकदाचा," म्हणाल्या आणि हसल्या. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो, हे मी छातीठोकपणे सांगतो.

"कधी दाखवता?" काकूंनी विचारले.

"अजून तीन फोटो शिल्लक आहेत. रोल संपू दे, वाया कशाला घालवायचा?"

केवढी ही काटकसर! काकू विचारत राहिल्या, काका तेच सांगत राहिले. त्या थंडीत काकू गेल्या. मग रोल धुवायला द्यायचा काकांना धीरच होईना. चार वर्षे मी काकूंना पोटात सांभाळले.

गेल्या दसऱ्याला त्यांचा मुलगा अंकुर म्हणाला, "बाबा, लॅपटॉपबरोबर तुमचा कॅमेरापण पूजेला ठेवू या ना." त्याने मला कौतुकाने पुसले. आतही धूळ असेल म्हणून खिडकीशी नेऊन माझे मागचे झाकण उघडले. लख्ख ऊन आत शिरले. मला ओरडता येत नाही.

"ओ नो, यात फिल्म होती? सॉरी बाबा, आय हॅड नो आयडिया!"

काकांनी झटकन झाकण लावले. त्यांनी रोल धुऊन आणला. फिल्म पुढे सरकते तशी एकावर एक गुंडाळली जाते. आतल्या वेढ्यांतली ड्रायव्हर वाचली, शेजारी वाचले. काकू शेवटच्या, म्हणून सर्वांत वर होत्या. त्यांच्या जागी कोरा पांढरा कागद आला.

यंदाही मला हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले. काका दुसऱ्या खोलीत बसून राहिले. मित्रांनो, मला फूल नको. ज्याचा फोटो काढाल, त्याला तो जिवंतपणी दाखवा. काकू दवाखान्यात जातानासुद्धा दारात थांबून विचारत होत्या, "अहो, कशी आले हो मी?"