आत बसणाऱ्याचा शब्द

आमच्याकडे शेवटची तपासणी करायची ती अवकाशयानात बसणाऱ्याने. नियम मास्तरांचा, म्हणजे आमच्या प्रमुखांचा. मोठ्या संस्थांमध्ये तपासणाऱ्यांवर तपासणारे असतात. आम्ही सगळी मिळून अकरा डोकी, बसगाड्या दुरुस्त करायच्या एका जुन्या शेडमध्ये, आणि त्यातली निम्मी दोन-दोन कामं ओढणारी. तेव्हा मास्तरांनी डोकं लढवलं. ज्याचा जीव जाणार तो कशाला खोटं बोलेल? त्याने यानाच्या एकेका भागावर तळवा ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, ‘चालेल.’ तो म्हणाला की विषय संपला. नियम ऐकून मीसुद्धा मान डोलावली होती, आत बसणारा माझा सख्खा भाऊ असूनही.

मी पॅराशूट शिवते आणि भरते. खुर्चीचे पट्टेही माझ्याकडेच. भावाने चाळिशी केव्हाच ओलांडली, बाकीचे त्याला कॅप्टन म्हणतात, माझ्या तोंडी मात्र तो अजून बारक्याच. आईच्या माघारी मीच त्याला वाढवलं, त्यामुळे त्याच्या सगळ्या खोडी मला पाठ.

त्या दिवशी मी यानात वाकून पट्ट्याला टाके घालत होते. बारक्या एकेका भागावर तळवा ठेवत, चालेल चालेल करत पुढे सरकत होता. खुर्चीच्या उजव्या बाजूला, अगदी खाली, हवेची झडप आहे. यान जमिनीजवळ आलं की ती उघडते आणि बाहेरची हवा आत घेते. तोवर ती घट्ट मिटलेली हवी, नाहीतर आतली हवा वरच्या वर निघून जाणार. तिच्यापाशी तो थांबला. बोटाच्या पेराने तिला दोनदा ठोकलं आणि घाईघाईने म्हणाला, ‘चालेल.’

लहानपणी खांद्याचं हाड मोडून घरी आला होता, तेव्हा ‘काही नाही झालं’ याच आवाजात म्हणाला होता.

बाकीचे जेवायला गेल्यावर मी त्याला गाठलं. “काय झालंय त्या झडपेला?”

“कुठे काय?”

“बारक्या, ताई आहे मी तुझी.”

तो खुर्चीच्या कडेला टेकला. “गार पडली की नीट मिटत नाही. गरम झाली की बसते बरोबर.”

“आणि वर काय असतं? ऊन की थंडी?”

“दोन्ही,” म्हणाला, आणि चक्क हसला.

त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली मला. नवी झडप बनवून घ्यायची तर कित्येक महिने. तोवर उड्डाणाची परवानगी संपणार. पैसे लावणारे आधीच काढता पाय घ्यायच्या बेतात. आणि पुन्हा परवानगी मिळेपर्यंत बारक्या डोळ्यांच्या तपासणीत नापास होणार. हल्ली तो वाचताना कागद लांब धरतो, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

“सगळी उमर यात घातली मी, ताई,” तो म्हणाला. “तू सांगणार नाहीस.”

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्यांदेखत. मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं. वेल्डर मात्र माझ्यावरच उखडला. “अहो, जीव त्याचा, तो म्हणतोय चालेल. तुमचं काय मधेच?” जीव त्याचा! जसा काही आभाळातून पडलाय, कुणाचा कुणी नाही. शेवटी मास्तरांनी मधला मार्ग काढला. हे उड्डाण माणसाशिवाय करायचं, खुर्चीत बारक्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून. ते नीट झालं तर परवानगी संपायच्या आत दुसरं, त्याला घेऊन. पिशव्या मीच शिवल्या, मीच पट्ट्यांनी आवळल्या. त्या सगळ्या दिवसांत माझा भाऊ माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

वर जाताना सगळं झकास झालं. यान अवकाशाच्या कडेला पोचलं तेव्हा वेल्डरने मास्तरांना उचललंच. मग यान खाली वळलं, आणि पडद्यावर आतल्या हवेचा आकडा घसरायला लागला. झपाझप शून्यावर आला आणि यान पार खालच्या दाट हवेत येईपर्यंत तिथेच बसून राहिला. नंतर माझं पॅराशूट उघडलं, अगदी देखणं उघडलं, आणि यान माळावर येऊन टेकलं.

ते शेडमध्ये आणून दार उघडलं तर पिशव्या जशाच्या तशा खुर्चीत बसलेल्या. मला रडू कोसळलं. त्यांच्या जागी तो असता. वाटलं, आता तरी याचे डोळे उघडतील.

“मी आत असतो तर हाताने मिटली असती,” बारक्या म्हणाला.

मास्तर आजवर त्याच्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. “बस! बस आत आणि मिटून दाखव!”

पिशव्या काढल्या. तो बसला. पट्टे मी स्वतः आवळले, उड्डाणाला आवळतात तसे, श्वास घेता येईल एवढीच जागा ठेवून. त्याने उजवा हात खाली सोडला, खांदा वाकवला, दात आवळले. बोटं झडपेपासून वीतभर लांब राहिली. त्याने पुन्हा जोर लावला. तसूभर फरक पडला नाही. सगळे दाराशी दाटीने उभे होते आणि सगळ्यांना ते दिसलं. मला सुटल्यासारखं झालं. खरंच सांगते, मनातल्या मनात मी हात जोडले.

“ताई,” तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हाक मारली त्याने मला. “हे पट्टे जरा सैल कर ना.”

“सैल पट्ट्यात मान मोडेल तुझी, खाली आपटताना.”

“जरासेच गं.”

मी मास्तरांकडे बघितलं. म्हटलं, आता हे याला चांगले झापतील. मास्तर चष्मा सावरून, वाकून पट्ट्यांकडे बघत होते.

“किती सैल होतील?” त्यांनी मला विचारलं.

मी जागची हलले नाही. तेव्हा वेल्डरच आत वाकला आणि त्याने खांद्यावरचं बक्कल ओढलं. मग आणखी थोडं ओढलं. बारक्याने हात खाली सोडला. हात पोचला.

टाळी आधी वेल्डरने वाजवली, मग मास्तरांनी, मग सगळ्यांनीच.