काठाखालची तारीख

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. मोटारसायकलच्या आरशाला अडकवतात तसलं नव्हे, तेलाच्या विहिरीवर काम करणाऱ्या माणसाचं, पांढरं, कडक प्लास्टिकचं. माझ्या काठाखाली बोट फिरवलंत तर एक छोटं गोल चक्र लागेल. त्यात माझ्या जन्माचा महिना आणि साल कोरलेलं आहे. त्या दिवसापासून पाच वर्षं मी डोकं सांभाळायचं, आणि मग मला करवतीने कापून टाकायचं, असा आमच्याकडचा नियम. न कापता फेकलं तर कुणीतरी उचलून डोक्यावर घालील, आणि म्हातारं प्लास्टिक ऐन वेळी दगा देईल. मला आता आठवं वर्ष लागलंय. म्हणजे मी इथवर आलोच कसा, ते आधी सांगायला हवं.

माझा मालक धम्मानंद, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचा. डिप्लोमा करून तो रिगवर, म्हणजे विहीर खोदणाऱ्या त्या उंच मनोऱ्यावर गेला, तेव्हा त्याला पाइपांना ग्रीस लावायचं काम मिळालं होतं. तिथून एकेक पायरी चढत तो असिस्टंट ड्रिलर झाला. मी त्याला भेटलो राजस्थानच्या वाळवंटात. त्याने मला खोक्यातून काढलं, उलटं केलं, आधी तारीख पाहिली आणि मगच डोक्यावर ठेवलं. चेहरा न पाहता तारीख पाहणारा माणूस मला जरा रुक्षच वाटला होता.

पण काम शिकावं तर त्याच्याकडून. जमिनीच्या पोटातून दाब वर यायला लागला की तो काट्यावर दिसायच्या आधी पंपाच्या आवाजात कळतो, असं तो नव्या पोरांना सांगायचा. रिगवर आणखी एक रीत होती. काही चुकतंय असं वाटलं तर कुणीही दोन्ही हात वर करून काम थांबवायचं, मग तो साहेब असो की भाकरी भाजणारा आचारी. थांबवल्याबद्दल कुणाला बोलायचं नाही. अपघाताविना वर्ष गेलं की हेल्मेटला एक हिरवा स्टिकर मिळे. माझ्या पाठीवर असे पाच आहेत. त्यांचा मला गर्व आहे, खोटं कशाला बोलू.

अठ्ठावीस दिवस काम, अठ्ठावीस दिवस घर, असा त्याचा क्रम होता. शेजारचे हळदवाले शेतकरी किशनराव त्याला चिडवायचे म्हणे, "सायेबाचं बरं हाय, अर्धं वर्ष दिवाळी." मी मात्र रिगवरच कपाटात त्याची वाट बघत असे. मग तेलाचे भाव उतरले. कंपनीने एकामागून एक रिग बंद केल्या. माझी मुदत त्याच महिन्यात संपत होती, पण नवीन हेल्मेट द्यायला आणि जुनं कापायला तिथं कुणी उरलंच नव्हतं. धम्मानंदने मला पिशवीत घातलं आणि कुरुंद्याला आणलं. नियमाचा एवढा पक्का माणूस, पण मला कापायला त्याचा हात धजला नाही.

त्यानंतर आखाती देशात एक वर्ष काम मिळालं, पुढे आसामात थोडं. तिथं त्याला नवी हेल्मेटं मिळाली, मी कुरुंद्यातच खुंटीवर राहिलो. गेल्या साली तेही काम संपलं. तेव्हापासून तो रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसायचा. फोनवर त्याच्यासारख्यांचे गट होते. एका जागेची जाहिरात आली की तीच शंभर जण एकमेकांना पाठवायचे. मुंबईचा एक एजंट "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणायचा, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाकीचे वय विचारायचे. त्रेचाळीस म्हटलं की "कळवतो" म्हणायचे. त्यात दुष्काळात तेरावा महिना, विहिरीचा दाब सांभाळण्याचं त्याचं प्रमाणपत्रही संपत आलं होतं. ते संपलं की कुणी अर्जसुद्धा बघणार नव्हतं.

गावाला त्याने हे सांगितलं नव्हतं. एकोणतिसाव्या दिवशी किशनरावांनी विचारलं, "काहून, सुट्टी वाढली काय?" हा म्हणाला, "व्हय, वाढली." पुढे तीच सुट्टी दर महिन्याला वाढत गेली. त्याची बायको सपना एकदा म्हणाली, "खरं सांगून मोकळे व्हा की. लोकं काय खाऊन राहिले का तुमाला?" तो फोनकडेच वळला. मला त्याचा फार राग यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

आठ महिन्यांनी मार्चमध्ये एक खरी मुलाखत आली. फोनवरच होती, पण समोर तीन साहेब दिसणार होते. घरात व्हिडिओपुरती रेंज येत नाही, म्हणून धम्मानंद किशनरावांच्या शेतातल्या शेडमध्ये गेला. त्यांना सांगितलं, कंपनीची मीटिंग आहे. एका खोक्यावर त्याने मला ठेवलं आणि फोन माझ्या कपाळाला टेकवून उभा केला. दोन वर्षांनी मला काम मिळालं होतं, फोनला पाठ देण्याचं का होईना.

बाहेर हळद शिजत होती. हल्ली त्यासाठी मोठा कुकर असतो. एका टाकीखाली लाकडं पेटवायची, वाफ नळीने हळदीच्या ड्रमांत सोडायची. वाफ जास्त झाली की टाकीवरचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि शिट्टी वाजते. शेजारी सावलीला सहा-सात बाया हळदीचे गड्डे मोडत बसल्या होत्या. शिट्टी वाजली की दचकायच्या आणि हसायच्या.

मुलाखत चांगली चालली होती. मग मधल्या साहेबाने विचारलं, "आठ महिने तुम्ही रिगवर नाही. तुमचा हात अजून तयार आहे, हे आम्ही कशावरून मानायचं?"

धम्मानंदने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तो तसाच थांबला. शिट्टी बराच वेळ वाजली नव्हती. बायांचं हसणंही ऐकू येत नव्हतं. जाळाचा आवाज मात्र चालूच होता.

"सर, दोन मिनिटं," तो म्हणाला. सवयीने त्याने मला उचलून डोक्यावर घातलं. माझा आधार गेला तसा फोन तोंडावर पडला, खाली सांडलेल्या हळदीत.

तो बाहेर धावला आणि दोन्ही हात वर केले. "थांबवा! बायांनो, उठा, बांधापलीकडं जा. गड्डे ऱ्हाऊ द्या तिथंच."

कुकरवर किशनरावांचा गडी देविदास होता. त्याने व्हॉल्व्ह तारेने करकचून बांधला होता. "वाफ वाया जाऊन राहिली होती," तो म्हणाला, "लाकडं लई लागतेत." काटा शेवटच्या आकड्याला टेकला होता. देविदास तार सोडायला पुढे झाला, तसा धम्मानंदने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "तिला हात लावू नको. पाणीबी टाकू नको. आधी जाळ काढ." दोघांनी लांब काठ्यांनी पेटती लाकडं बाहेर ओढली आणि बांधामागे जाऊन बसले. काटा इतका सावकाश उतरला की मला वाटलं तो अडकलाय.

किशनराव धावत आले. "अरे, माझी हळद कच्ची ऱ्हाईली ना!"

"ऱ्हाऊ द्या, मामा. बाया हायेत ना सगळ्या?"

किशनरावांनी बायांकडे पाहिलं, मग तारेकडे. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुमची मीटिंग होती ना?"

"मुलाखत होती," धम्मानंद म्हणाला. "आठ महिने झाले, मला काम न्हाई."

तो शेडमध्ये परतला तेव्हा फोन बंद झाला होता. साहेबांना दिसला असेल तो फक्त अंधार. त्यांच्या प्रश्नाचं इतकं चोख उत्तर कुणी दिलं नसेल, पण ते बघायला तिथं मीच होतो. त्याने घडलं ते लिहून कळवलं. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, जागा भरली आहे.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली होती. घरी येऊन त्याने मला खुंटीला अडकवलं, पट्टा निसटला आणि मी फरशीवर पडलो. खांद्याएवढ्या उंचीवरून फार तर. तेवढ्याने मला एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तडा गेला. त्याने मला उचललं, तड्यावरून बोट फिरवलं, मग काठाखाली पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"आज याच्यावर एखादा बोल्ट उडून आला असता तर?" तो सपनाला म्हणाला.

मित्रांनो, मी लाजेने मेलो. त्या दिवशी मी त्याच्या डोक्यावर ऐटीत मिरवलो होतो, आणि माझ्यात काहीच उरलं नव्हतं.

किशनरावांनी कुकरची बातमी गावभर केली. आधी त्यांच्या भावकीतले लोक आपले कुकर तपासून घ्यायला आले, मग जवळा बाजार गावाहूनही. वसमतला कुकर बनवणाऱ्या एका कारखान्याने त्याला बोलावलं. प्रत्येक कुकर विकण्याआधी दाब देऊन तपासायचा, व्हॉल्व्ह बरोबर उघडतो का बघायचा, एवढं काम. रिगच्या मानाने ते लहान आहे आणि हंगामापुरतं आहे. अर्ज तो अजूनही रोज सकाळी पाठवतो. विचारलं तर गावाला खरं सांगतो.

परवा किशनराव त्याच्यासाठी नवं पिवळं हेल्मेट घेऊन आले. धम्मानंदने ते उलटं करून आधी तारीख पाहिली. किशनराव हसले, "सोन्याचं हाय का बघून राहिले?" मला मात्र एकदम राजस्थानातला तो पहिला दिवस आठवला.

आज त्याने करवत काढली आहे. सपना म्हणते, "काहून कापता? ऱ्हाऊ द्या आठवण म्हणून." तो म्हणतो, "कुणीतरी डोक्यावर घालंल."

त्याचं बरोबर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला नेहमी सांगतात. मी मात्र सांगतो, मला जपू नका, माझ्याखालचं डोकं जपा. शिट्टी वाजत असेल तर तिला बांधू नका, आणि वाजायची थांबली तर हातातलं सोडून बघायला जा. माझी तारीख संपली, ती काठाखाली स्पष्ट लिहिली आहे. त्याची तारीखही लोक सतत विचारतात. मी इतकी वर्षं त्याच्या डोक्यावर बसलो, मला तरी ती कुठे कोरलेली दिसली नाही.