आप्पाकाकांचा डाळिंबी सदरा

आप्पाकाकांची बदली अलोऱ्याहून रत्नागिरीला झाली ती देवामुळे, असं आमच्या वाडीचं मत आहे. सरकारचं मत वेगळं असेल, पण सरकार पालखीला येत नाही.

गेल्या शिमग्यात भागोजी गावकाराने पालखीपुढे गाऱ्हाणं घातलं. सगळ्या वाडीच्या वतीने एकट्याने देवाशी बोलायचं आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून शिक्का मारायचा, अशी पद्धत. भागोजी एकदा सुरू झाला की त्याला थांबण्याची जागा सापडत नाही.

“आप्पाची बदली घराजवळ होऊ दे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इथे संपलं होतं. पण तो लयीत होता. “तशी ती झाली, तर आप्पा फुडच्या शिमग्याला डाळिंबी सदरा घालून तुजी पालखी नाचवंल म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी ओरडली. आप्पाकाकाही ओरडले. सवयीने.

नंतर मी भागोजीला विचारलं, “डाळिंबीच का?”

“तोंडात आला,” तो म्हणाला. “गाऱ्हाणं घालताना मी तिथं नसतो.”

तर बदली झाली. शिमगा आला. सदरा नव्हता. काकांकडे सदरे दोनच रंगांचे: पांढरे, आणि पूर्वी पांढरे असलेले.

“सदरा झाला नाय तर देव ऑर्डर फिरवील,” यमुनाकाकू म्हणाली.

“काकू, देव ऑर्डरी काढत नाही.”

“काढली ना?”

यावर बी.ए.ला काही शिकवलेलं नव्हतं. शिवाय काकूची भीती खोटी नव्हती. काका अलोऱ्याला असताना शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि रविवारी दुपारपासूनच काकू गप्प व्हायची. तिकडे काका स्वतःच्या हाताने पिठलं करत आणि ते बरं होतं असं सांगत. काकूला दोन्ही गोष्टींचं वाईट वाटे.

मी पदवी घेऊन घरी बसलेलो, म्हणजे वाडीची सार्वजनिक मालमत्ता. मला रत्नागिरीच्या बाजारात पाठवलं.

पहिल्या दुकानात बिस्किट, बदामी आणि राखी होता. दुसऱ्यात राखी, बदामी आणि बिस्किट. तिसऱ्या दुकानाचा मालक बिस्किट रंगाची सफारी घालून बिस्किट रंगाच्या ठाणांपुढे बसला होता. मी बराच वेळ एका ठाणाशी बोललो. उत्तर डावीकडून आलं.

“डाळिंबी? बाईमाणसासाठी?”

“काकांसाठी. पन्नाशीचे आहेत.”

“बरे आहेत ना?”

“बरे आहेत. देवाचं आहे.”

“मग बदामी न्या. बदामही फळच.”

“रंगीत काहीच ठेवत नाही तुम्ही?”

“रंग गेला की गिऱ्हाईक भांडायला येतं. बदामीचा रंग गेला तरी कोणाला कळत नाय.” मग माझी दया येऊन त्याने आतून एक खास ठाण काढलं. ते गडद बिस्किट होतं.

मी हात हलवत परत आलो. काकू ऐकून उठली आणि तिने पलंगाखालची ट्रंक ओढली.

मी डोळे चोळले. पोपटी, चिंतामणी, हळदी, राणी, जांभळा! रत्नागिरीतले रंग गेले कुठे ते मला त्या दिवशी कळलं. बायकांनी ट्रंकेत घातले होते. ओटीत मिळालेले ब्लाउजपीस. कोणाच्या घरून सवाष्ण निघाली की नारळ-तांदळांबरोबर तिच्या ओटीत एक पीस पडतो. ती तो शिवत नाही. दुसरी सवाष्ण आली की तिच्या ओटीत घालते. असे ते वर्षानुवर्षं वाडीत फिरत असतात. कात्री कोणी पाहिलेली नसते.

काकूकडे डाळिंबी पीस होता. एक.

“ह्यांच्या अंगाला दोन तरी लागतील,” काकू म्हणाली. “दुसरा गंगाकडे हाय. माझाच तो, गौरीत मीच दिलेला.”

“मग मागून आणू?”

“ओटीतला कापड मागतात काय मेल्या? तो आपणहून यायला हवा.”

आपणहून येण्यासाठी काकू मुद्दाम गंगाकडे गेली. गंगा म्हणजे आमची शेजारीण, मधे फक्त दगडी गडगा. मीही गेलो. काकूने चहा घेतला, तिच्या म्हशीची चौकशी केली आणि खूप लांब जायचं असल्यासारखी उठली. “येते हां गो गंगा.”

“थांबा वयनी, अशा कशा जाता?” गंगाने ओटी भरली. पोपटी.

काकू पुन्हा बसली. म्हशीच्या आईची चौकशी केली. पुन्हा उठली. गंगाने या वेळी नुसतं कुंकू लावलं.

त्या आठवड्यात काकू वाडीतल्या घरोघरी गेली आणि घरोघरून निघाली. ट्रंकेचं झाकण लागेना. डाळिंबी एकही नाही. काका म्हणू लागले, “मी आपला अलोऱ्याला परत जातो म्हणजे झालं.” हा विनोद होता, पण काकू उठून चुलीपाशी गेली.

पालखी आमच्या वाडीत आली त्या दिवशी दुपारी ती गंगाच्या पडवीत विसावली. पालखीत देव असतात तशी देवीही असते, आणि देवीची ओटी भरतात. गंगाने सूप पुढे केलं. सुपात नारळ, तांदूळ, आणि डाळिंबी पीस.

“गंगा!” काकू ओरडली.

“देवीसाठी ठेवलेला हो वयनी. तुम्हाला पोपटी दिला म्हणून रागावलात?”

काकू थेट भागोजीपुढे उभी राहिली. “तो पीस मला प्रसाद म्हणून दे.”

“आता तो देवीचा झाला, वयनी.”

“आणि नवस कोण बोलला होता?”

भागोजीने नारळाकडे पाहिलं, मग देवीकडे. दोघांकडून काही मदत आली नाही. त्याने पीस दिला.

माणसं जेवायला बसली आणि गडग्याच्या अलीकडे धोंडू शिंपी मशीनवर बसला. धोंडूने आयुष्यभर पोरांच्या खाकी चड्ड्या शिवल्या होत्या. डाळिंबी कापडाला पहिली कात्री लावताना त्याने डोळे मिटले. आम्ही ते उघडायला लावले.

“पाठ-पोट झालं,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “हात कशाचे लावू?”

कापड संपलं होतं आणि पलीकडे ढोल सुरू झाला होता. काकूने हाताला लागेल ते ट्रंकेतून फेकलं. हात पोपटी झाले, कॉलर चिंतामणी झाली.

पालखी काकांच्या अंगणात आली आणि आप्पाकाका बाहेर आले. ढोल थांबला. ढोलवाल्याचा दोष नव्हता.

“ह्यो काय डाळिंबी सदरा नव्हे,” मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला. “नवस फिटला नाय.”

काकूचा चेहरा रविवारच्या दुपारसारखा झाला.

भागोजीने तो पाहिला. नारळ उचलून तो पालखीपुढे उभा राहिला. “बारा वाड्यांच्या म्हाराजा! हात पोपटी झालं, कॉलर निळी झाली. शिंप्याचा दोष नाय, आप्पाचा दोष नाय. कापड तुज्याच ओटीतला, तोच कमी पडला. तर ह्यो सदरा डाळिंबी म्हणून गोड मानून घे, आनि आप्पाला घरी ऱ्हाऊ दे म्हाराजा!”

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. असा ठराव पूर्वी आला नव्हता.

“व्हय म्हाराजा!” बायकांमधून गंगा ओरडली. गाऱ्हाण्याला बायका ओरडत नाहीत. पण एकदा ओरडल्यावर पुरुषांना मागे राहता येईना. सगळी वाडी ओरडली, तो म्हातारासुद्धा.

भागोजीने पुढच्या वाक्यासाठी दम भरला. काकूने चपळाईने त्याच्या तोंडात खोबऱ्याचा मोठा तुकडा घातला.

ढोल वाजला. काकांनी पालखीला खांदा दिला आणि ते नाचले. ते इतके नाचतील असं त्यांच्या ऑफिसात कोणाला सांगितलं तर पटणार नाही. पालखी पुढच्या घरी गेली तरी ते अंगणात थोडे शिल्लक नाचत होते.

मग घामाघूम होऊन पाटावर बसले. काकूने पुरणपोळी वाढली, तुपाची वाटी पुढे सरकवली, आणि तशीच उभी राहिली.

“बदलू का सदरा?” काकांनी विचारलं.

“असू दे,” काकू म्हणाली. “बरे दिसता हां.”

मी शिष्टाचार म्हणून वर कौलांकडे पाहत बसलो. बराच वेळ पाहावं लागलं.