कानातला बिल्ला

"बिल्ला नाही तर भरपाई नाही. नियम आहे ताई, मी काय करू?"

विमेवाला साहेब गोठ्याच्या दारातच नाकाला रुमाल लावून उभा होता. आत म्हैस चारी पाय ताणून पडली होती. सकाळीच गेली होती. तिच्या कानात जिथं विम्याच्या नंबरचा पिवळा बिल्ला असायचा, तिथं आता नुसती फाटकी चीर होती.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला ड्रेसर तिच्या डोक्याशी उकिडवा बसला होता. बत्तीस वर्षं त्यानं सुया टोचल्या, जखमा बांधल्या, कानांत बिल्ले मारले. निवृत्तीला महिना उरला होता. ही म्हैस सरकारी योजनेच्या कर्जातली. तारण नको, जामीन नको, सरकारची हमी आहे, असं बँकेच्या भिंतीवर रंगवलेलं वाचून दूधवालीनं हिय्या केला होता. हमी होती खरी, पण ती बँकेला! दूधवालीला कुणी कसली हमी दिली होती? विमा मिळाला तर दुसरी म्हैस दारात येणार. नाही मिळाला तर म्हैस गेली, दूध गेलं, कर्ज तेवढं जिवंत.

"तारेत अडकून तुटला हो बिल्ला," दूधवाली म्हणाली. "नवा मारून घ्यायला तीनदा गेले दवाखान्यात. संपलेत म्हणाले."

"लेखी अर्ज दिला होता?"

दूधवालीनं ड्रेसरकडे पाहिलं.

ड्रेसरच्या अंगाची लाहीलाही झाली. अर्ज तिनं आणला होता की! शाळेतल्या बाईंकडून लिहून घेऊन, नीट घडी घालून. यानंच तो परत केला होता. "कशाला कागद काळे करता ताई? आपण काय परके आहोत? बिल्ले आले की मीच घरी येऊन मारून देईन." मोठा लागून गेला घरचा माणूस! बिल्ले चार महिने आले नाहीत. आले ते गेल्या आठवड्यात, आणि खोकं अजून कपाटात, कारण पोहोचपावतीवर सही करायला डॉक्टरसाहेबांना सवड नव्हती.

पंचनाम्याला आलेले तेच डॉक्टरसाहेब आता हळूच वाकून ड्रेसरच्या कानाशी कुजबुजले, "मी ह्यांना चहाला नेतो. तू खोक्यातला एक आण, मार आणि फोटो काढून टाक."

"मेलेल्या कानातून रक्त येत नाही साहेब!" ड्रेसर मुद्दाम मोठ्यानं बोलला. "पकडलं तर फसवणूक हिच्या नावावर लागेल, तुमच्या नाही."

डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला. ड्रेसर उठला, विमेवाल्याच्या हातातलं पॅड त्यानं जवळजवळ हिसकावून घेतलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. बाई तीनदा आल्या. दवाखान्यात बिल्ले नव्हते. अर्ज आणला होता, तो मी घेतला नाही. चूक आमची आहे. खाली सही, हुद्दा, तारीख.

"डोकं फिरलंय का तुझं? तुझी पेन्शनची फाईल माझ्या टेबलावर आहे!"

"राहू दे तिथंच. तुमच्या टेबलावरून आजवर हललंय काय?"

विमेवाल्यानं कागद दोनदा वाचला. "जोडतो मी हा. मंजूर होईलच असं सांगत नाही. पण कान लागेल. वरच्यांना चीर दिसली पाहिजे."

"फोटो काढा की!"

"फोटो चालत नाही. कानच जोडावा लागतो."

"माणसं आहात की कोण आहात रे?" ड्रेसर ओरडला. विमेवाला खाली मान घालून उभा राहिला, पण तिथून हलला नाही.

ड्रेसरनं पिशवीतून सुरी काढली.

"ताई, तुम्ही घरात जा."

"मी कशाला जाऊ? तुम्हाला धरून कोण देणार?"

ती खाली बसली. म्हशीचं डोकं तिनं मांडीवर ओढून घेतलं, कान दोन बोटांत ताणून धरला आणि दुसरा हात कपाळावरून फिरवत म्हणाली, "हलू नको हं बाई. झालंच."